उपेक्षित उजवे हृदय : गॅलेनपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत (थ्रेड)

१/
१९४३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे आयझॅक स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या उजव्या बाजूची भिंत डागून जवळजवळ निकामी केली होती. प्रचलित समजुतीप्रमाणे शरीरातील शिरांत रक्त तुंबायला हवे होते; परंतु शिरांतील दाब फारसा वाढलाच नाही. या निष्कर्षाच्या सावलीत पुढे कित्येक वर्षे असे मानले गेले की हृदयाची उजवी बाजू म्हणजे रक्त वाहून नेणारी एक वाट आहे, खरा पंप डावीकडेच आहे. या समजुतीची किंमत पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावरील रुग्णांनी मोजली. ती समजूत कोठून आली आणि कशी ढासळली, याचा हा इतिहास.

२/
प्रथम रचना. मानवी हृदयाला चार कप्पे असतात : वर दोन अलिंदे, खाली दोन निलये. उजवे निलय शरीरातून परतलेले रक्त फुप्फुसांकडे ढकलते. डावे निलय फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त सर्व शरीरभर पाठवते. दोन्ही निलये दर मिनिटाला जवळपास सारखेच, विश्रांतीच्या अवस्थेत सुमारे पाच लिटर, रक्त पुढे पाठवतात. दाबात मात्र फार अंतर असते. डावे निलय साधारण १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब निर्माण करते, उजवे अवघा २५च्या आसपास. म्हणून उजव्याची भिंत पातळ, आणि आकार डाव्याला कुशीत घेतलेल्या चंद्रकोरीसारखा. शवविच्छेदनाच्या टेबलावर ते दुबळेच दिसते. त्याच्या उपेक्षेची सुरुवात या दिसण्यापासून झाली.

३/
इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या ग्रीक वैद्य गॅलेनने हृदयाविषयी जी मांडणी केली, ती पुढे सुमारे दीड हजार वर्षे प्रमाण मानली गेली. त्याच्या मते रक्त यकृतात तयार होते. त्यातील काही भाग उजव्या निलयात येतो आणि फुप्फुसांच्या पोषणासाठी जातो. उरलेला भाग दोन निलयांमधील पडद्यातील अदृश्य छिद्रांतून पाझरून डावीकडे पोहोचतो आणि तेथे प्राणवायूसदृश तत्त्वाशी मिसळतो. या व्यवस्थेत उजव्या निलयाचे काम फुप्फुसांना शिधा पुरवण्यापुरतेच उरले. ज्या प्राण्यांना फुप्फुसे नाहीत त्यांना उजवे निलयही नाही, हे निरीक्षण गॅलेनने याच्याच समर्थनार्थ वापरले.

४/
गॅलेनचे ज्ञान मुख्यतः माकडे, डुकरे आदी प्राण्यांच्या विच्छेदनावर आधारलेले होते. तथापि त्याची छिद्रे टिकून राहिली याचे कारण केवळ त्याचा अधिकार नव्हे. त्या छिद्रांशिवाय त्याची सारी व्यवस्था कोसळली असती. रक्त उजवीकडून डावीकडे जाते हे उघड होते. ते पडद्यातून जात नसेल, तर जाते कोठून? या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर उजव्या निलयाला त्याचे खरे काम परत देणे भाग होते.

५/
ते प्रथम दिले दमास्कस येथे जन्मलेल्या आणि कैरोत वैद्यकी केलेल्या इब्न अल-नफीस याने. इब्न सीनाच्या ‘कानून’ या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर १२४२ साली लिहिलेल्या भाष्यात त्याने स्पष्ट म्हटले, की दोन निलयांमधील पडदा जाड आहे. त्यात ना दृश्य छिद्रे आहेत, ना अदृश्य. उजव्या निलयातील सारे रक्त फुप्फुसांत जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डावीकडे येते. म्हणजे उजवे निलय फुप्फुसांचा वाढपी राहिले नाही. शरीरातील प्रत्येक थेंबाला त्याच्यातून जावे लागते, असे ठरले. हे हस्तलिखित १९२४ साली बर्लिनमध्ये एका इजिप्शियन डॉक्टरच्या, मुह्यिद्दीन अल-तातावी यांच्या, दृष्टीस पडले, तोपर्यंत आधुनिक वैद्यकाच्या इतिहासाला त्याचा पत्ता नव्हता.

६/
युरोपात हा विचार सोळाव्या शतकात पुन्हा वर आला. व्हेसेलियसने १५४३च्या आपल्या महाग्रंथात पडद्यातील छिद्रांविषयी आश्चर्य व्यक्त केले आणि १५५५च्या दुसऱ्या आवृत्तीत आपला संशय अधिक उघड केला. १५५३ साली मिगेल सर्व्हेटसने एका धर्मविषयक ग्रंथात रक्ताचा फुप्फुसांतून होणारा प्रवास वर्णिला. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला जिनिव्हा येथे पाखंडी ठरवून त्याला जाळण्यात आले. शिक्षा धर्मशास्त्रीय मतांसाठी होती, शरीरशास्त्रासाठी नव्हे. परंतु ग्रंथाच्या प्रतीही नष्ट झाल्या आणि अवघ्या तीन वाचल्या. १५५९ साली रेआल्दो कोलंबोच्या मरणोत्तर ग्रंथात हाच मार्ग पुन्हा मांडला गेला.

७/
विल्यम हार्वेने १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध केलेल्या छोट्याशा लॅटिन ग्रंथाने हा वाद निकाली काढला. रक्त वर्तुळाकार फिरते आणि हृदय हा त्याचा पंप आहे. पुढे १६५१ च्या एका पत्रात हार्वेने फाशी दिलेल्या माणसाच्या शवावरील प्रयोग वर्णिला : फुप्फुसाकडे जाणारी धमनी बांधून उजव्या निलयात पाणी भरले, तेव्हा डाव्या बाजूस एक थेंबही उतरला नाही. छिद्रांची कथा येथे संपली. परंतु हार्वेच्या मांडणीतून एक नवी उतरंडही निर्माण झाली. उजवे निलय फक्त जवळच्या फुप्फुसांपर्यंत रक्त पोहोचवते. डावे शरीराच्या टोकापर्यंत. दोन्ही पंप खरे, पण एक धाकटा आणि दुसरा थोरला. ही उतरंड पुढील तीनशे वर्षे कोणी तपासून पाहिली नाही.

८/
कारण तपासायचे साधनच नव्हते. जिवंत माणसाच्या उजव्या निलयातील दाब मोजायचा कसा? उत्तर १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील एका छोट्या रुग्णालयात मिळाले. वेर्नर फोर्समन हा पंचविशीच्या उंबरठ्यावरील तरुण शल्यचिकित्सक वरिष्ठांची मनाई डावलून स्वतःच्या दंडाच्या शिरेत ६५ सेंटीमीटरची लघवीची नळी सरकवत गेला. परिचारिका गेर्डा डिट्झेनने नळी मिळवून दिली होती. प्रयोग आपल्यावर होईल असे तिला वाटले होते, पण फोर्समनने तिला टेबलाला बांधून ठेवले आणि नळी स्वतःलाच घातली. मग जिना उतरून तो क्ष-किरण खोलीत गेला. छायाचित्रात नळीचे टोक उजव्या अलिंदात दिसले.

९/
जर्मन वैद्यकविश्वाने या धाडसाची कदर केली नाही. फोर्समन पुढे मूत्ररोगतज्ज्ञ झाला. त्याची नळी मात्र न्यूयॉर्कला पोहोचली. बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी १९४१ पासून माणसाच्या उजव्या हृदयात व पुढे फुप्फुस-धमनीत कॅथेटर नेऊन दाब आणि रक्तप्रवाह मोजायला सुरुवात केली. प्रथमच कळले की निरोगी माणसात हा दाब किती कमी असतो आणि फुप्फुसाच्या किंवा झडपेच्या आजारात तो किती चढतो. तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एका दृष्टीने पाहता आधुनिक हृदयविज्ञानाने हृदयात पहिले पाऊल टाकले ते उजव्या दारातूनच.

१०/
आता १९४३ च्या त्या कुत्र्यांकडे परत येऊ. स्टार यांचा मूळ प्रश्न उजवे निलय आवश्यक आहे की नाही, हा नव्हताच. हृदयरोगात पाय सुजतात, मानेच्या शिरा फुगतात, ते केवळ उजवे निलय दुबळे झाल्याने का, हा त्यांचा प्रश्न होता. आणि त्यांचे उत्तर होते, केवळ तेवढ्याने नाही. त्या प्रश्नापुरते ते उत्तर योग्यच होते. पुढच्या वाचकांनी मात्र त्यातून मोठा निष्कर्ष काढला : उजवे निलय नसले तरी चालते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा घोटाळा ओळखीचा वाटेल. साधन खरे, नोंद खरी. पण तिला विचारलेला प्रश्न वेगळा आणि तिच्याकडून वदवून घेतलेले उत्तर वेगळे.

११/
कुत्रे का तगले, हे नंतर उलगडले. एक, त्यांची फुप्फुसे निरोगी होती. रक्ताला समोरून विरोध जवळजवळ नव्हता. दोन, प्रयोगासाठी हृदयाभोवतीचे आवरण उघडले होते, त्यामुळे फुगलेल्या उजव्या निलयाला पसरायला जागा मिळाली आणि डाव्यावर दाब पडला नाही. तीन, दोन निलयांमधील पडदा सामाईक असल्याने डावे आकुंचन पावते तेव्हा उजव्यालाही जोर मिळतो. पुढील संशोधनानुसार उजव्याच्या दाबातील सुमारे २० ते ४० टक्के वाटा डाव्याकडून येतो. म्हणजे पातळ भिंतीचे उजवे निलय कमी दाबाच्या सुखी संसारात शेजाऱ्याच्या मदतीने निभावून नेते. दाब वाढला, की तोच संसार मोडतो.

१२/
हा दाब वाढवणारा एक आजार भारतीय उपखंडात घरोघरी माहीत होता : संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली डावीकडील मायट्रल झडप. झडप अरुंद झाली, की रक्त मागे फुप्फुसांत तुंबते, फुप्फुसांतील दाब चढतो आणि त्या दाबाविरुद्ध उजव्या निलयाला झगडावे लागते. दोष डाव्या झडपेचा, पण धाप, पायांची सूज आणि शेवटी मृत्यू, यांत उजव्या निलयाचा मोठा वाटा. १९६३ साली दिल्लीचे सुजय रॉय आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये दाखवून दिले, की भारतात हा आजार विशीच्या आतच तीव्र रूप धारण करतो आणि फुप्फुसांतील दाबही लवकर चढतो. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील मध्यमवयीन रुग्ण येथे शाळकरी मुले होती.

१३/
या अरुंद झडपेला बोटाने वा पात्याने मोकळे करण्याची शस्त्रक्रिया १९४८ साली अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्केन यांनी रूढ केली. १९५०च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन आणि वेल्लोर येथील शल्यचिकित्सक ती भारतात करू लागले. हृदय धडधडत असतानाच ही शस्त्रक्रिया होत असे. झडप मोकळी झाली, की फुप्फुसांतील दाब उतरे आणि थकलेले उजवे निलय हळूहळू सावरे. ज्यांच्यात दाब फार काळ चढलेला राही, त्यांचे सावरणे कठीण. शस्त्रक्रिया डावीकडे, निकाल उजवीकडे : हे सूत्र येथेच प्रथम ठळक झाले.

१४/
१९५३ च्या ६ मे रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबनने हार्ट-लंग मशीनच्या साहाय्याने पहिली यशस्वी उघडी हृदयशस्त्रक्रिया केली. दोन अलिंदांमधील छिद्र, म्हणजे उजव्या बाजूवर अतिरिक्त रक्ताचा भार टाकणारा दोष, त्या दिवशी बुजवला गेला. यापुढे हृदय थांबवून त्याच्या आत काम करणे शक्य झाले. ‘थांबवणे’ मात्र निरुपद्रवी नव्हते. थंड करून आणि पोटॅशियमयुक्त द्रावणाने स्थिर करून हृदयाचे रक्षण केले जाई. आणि या रक्षणात उजवी बाजू मागे पडे.

१५/
त्याची कारणे साधी आहेत. छातीत उजवे निलय सर्वांत पुढे, उरोस्थीच्या मागे असते. छाती उघडली, की शस्त्रक्रियागृहातील दिव्यांखाली तेच आधी ऊबदार होते. हृदयाच्या शिरेतून उलट्या दिशेने दिलेले संरक्षक द्रावण उजव्या भागापर्यंत नीट पोहोचत नाही. उजवी हृदय-धमनी महाधमनीच्या पुढच्या बाजूस उगम पावते, आणि झोपलेल्या रुग्णात हवेचे बुडबुडे वर चढतात, त्यामुळे ते तिच्यातच शिरण्याचा संभव अधिक. यंत्रातून बाहेर काढताना रक्त गोठण्याची क्षमता परत आणण्यासाठी दिले जाणारे प्रोटामाइन काही रुग्णांत फुप्फुसांतील दाब एकदम चढवते. वर कृत्रिम श्वासाचा दाब. पातळ भिंतीच्या पंपावर एकाच तासात पाच संकटे.

१६/
जन्मजात दोषांच्या शस्त्रक्रियेतही तीच समजूत दुसऱ्या रूपाने वावरत होती. फॅलोच्या चतुर्दोषात, म्हणजे ‘निळ्या बाळां’च्या आजारात, उजव्या निलयाचे बाहेर जाण्याचे दार अरुंद असते. १९४४ साली बाल्टिमोर येथे ब्लॅलॉक, विव्हियन थॉमस आणि हेलन टॉसिग यांनी वळणमार्ग काढून या मुलांना श्वास मिळवून दिला. १९५४ साली मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी दोष आतून दुरुस्त केला. पुढे अनेक मुलांत अरुंद दारावर ठिगळ लावून ते रुंद करण्यात आले. झडप त्यामुळे गळू लागे, पण उजवे निलय ती गळती सोसेल असे समजले गेले.

१७/
त्याने ती खरेच सोसली; दहा, वीस, तीस वर्षे. मुले मोठी झाली, शाळा-कॉलेजांत गेली, संसार केले. मग उजवे निलय फुगू लागले, हृदयाचा ताल बिघडू लागला आणि काहींचा अचानक मृत्यू झाला. झडपेची गळती आणि हे मृत्यू यांचा संबंध २००० च्या सुमारास स्पष्टपणे मांडला गेला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी छाती न उघडता, कॅथेटरमधून नवी फुप्फुस-झडप बसवली. उजव्या निलयाची सोशिकता म्हणजे त्याची बेफिकिरी नव्हे, हे कळायला एका पिढीचे आयुष्य जावे लागले.

१८/
उजव्या निलयाशिवाय जगता येते, याचा सर्वांत बळकट पुरावा वाटावा अशी शस्त्रक्रिया १९६८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे झाली. काही मुलांत उजवीकडील झडप जन्मतःच बंद असते आणि उजवे निलय खुरटलेले. फ्रान्सिस फोंतां यांनी शरीरातून येणारे अशुद्ध रक्त थेट फुप्फुस-धमनीकडे वळवले. उजवे निलय वाटेतून वगळले. १९५०च्या दशकात अमेरिकेत विल्यम ग्लेन आणि सोव्हिएत संघात मेशाल्किन यांनी अर्धी वाट आखली होतीच. १९७१ साली फोंतां आणि बोदे यांनी तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ज्या मुलांना भविष्य नव्हते, त्यांना ते मिळाले.

१९/
परंतु यशाच्या अटी पाहा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बोर्दोच्या गटाने या शस्त्रक्रियेसाठी दहा निकष सांगितले. शल्यविश्वात ते ‘दहा आज्ञा’ म्हणून ओळखले गेले. त्यांत फुप्फुस-धमनीतील सरासरी दाब १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असावा, फुप्फुसांचा विरोध कमी असावा, डावे निलय उत्तम असावे, ताल नियमित असावा, अशा अटी होत्या. स्टार यांच्या कुत्र्यांचा निरोगी संसारच येथे अट म्हणून परत आला होता. पंप वगळता येतो, मात्र समोर चढण नसेल तर.

२०/
फोंतां यांची थोरवी अशी, की त्यांनी स्वतःच आपल्या यशाची कठोर तपासणी केली. १९९० साली त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की सर्व काही आदर्श जुळून आलेल्या शस्त्रक्रियेनंतरही काळाच्या ओघात रुग्णांची कार्यक्षमता आणि आयुर्मान घटत जाते. शिरांतील दाब जन्मभर चढलेला राहिल्याने यकृत कठीण होत जाते, काहींच्या आतड्यांतून प्रथिने गळतात. वगळलेल्या पंपाचे काम शरीराच्या प्रत्येक शिरेने थोडे थोडे उचललेले असते, आणि त्याचे देणे यकृताला फेडावे लागते.

२१/
सर्वांत क्रूर परीक्षा हृदयारोपणाने घेतली. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये क्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयारोपण केले. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या वर्षी जगभर शंभराच्या आसपास आरोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण फार काळ तगले नाहीत. शरीराने परके हृदय नाकारणे हे त्याचे गाजलेले कारण. दुसरे कारण कमी बोलले गेले : दात्याचे उजवे निलय आयुष्यभर २५ च्या दाबाला सरावलेले असते, त्याला एका रात्रीत रोगट, आकसलेल्या फुप्फुसांसमोर उभे केले, की ते फुगते आणि कोसळते.

२२/
अपघाताने झालेला हा शोध स्टॅनफर्डच्या गटाने शिस्तीने नोंदवला. नॉर्मन शमवे यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली मांडले, की आरोपणानंतरच्या धोक्याचा एक मोठा निर्णायक घटक म्हणजे रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तविरोध. तेव्हापासून आरोपणापूर्वी हा विरोध मोजणे बंधनकारक ठरले. या मोजणीचे साधन १९७० साली सुलभ झाले होते : जेरेमी स्वान आणि विल्यम गँझ यांचा टोकाला फुगा असलेला कॅथेटर रक्तप्रवाहासोबत तरंगत, खाटेवरच, फुप्फुस-धमनीपर्यंत जाई. ज्यांची फुप्फुसेच पार बिघडली होती, त्यांच्यासाठी स्टॅनफर्डमध्ये ब्रूस राइट्झ यांनी १९८१ साली हृदय आणि फुप्फुसे एकत्र रोपण करून दाखवली.

२३/
याच काळात हृदयविकाराच्या झटक्याचा अर्थही बदलला. १९७४ साली जे कोन आणि सहकाऱ्यांनी उजव्या निलयाला झटका बसलेल्या रुग्णांचे चित्र रेखाटले : रक्तदाब घसरलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या, फुप्फुसे मात्र स्वच्छ. डाव्या बाजूच्या झटक्यात लघवीवाटे पाणी काढणारे औषध उपकारक. येथे तेच घातक, कारण दुबळ्या उजव्या निलयाला पुढे ढकलण्यासाठी पुरेसे रक्त हवे असते. नेहमीच्या वाटेने गेलेला उपचार रुग्णाला मारू शकतो, हे कळल्यावर ‘ती निव्वळ वाट आहे’ असे म्हणणे अवघड झाले.

२४/
शेवटचा धडा यंत्रांनी दिला. निकामी डाव्या निलयाला साहाय्य करणारे पंप शरीरात बसवले जाऊ लागले. यंत्र डावी बाजू उत्तम रिकामी करते. परंतु यंत्राने पुढे पाठवलेले सर्व रक्त फिरून उजवीकडेच येते. शिवाय डावे निलय रिकामे झाल्याने मधला पडदा तिकडे ओढला जातो आणि उजव्याला शेजाऱ्याकडून मिळणारा जोर कमी होतो. वेगवेगळ्या अभ्यासांत, व्याख्येनुसार, अशा साधारण १० ते ४० टक्के रुग्णांत नंतर उजवे हृदय अपुरे पडल्याचे आढळते. डाव्याचे जितके चांगले कल्याण, तितकी उजव्याची कसोटी कठीण.

२५/
या जाणिवेतून उपचारही घडले. १९९०च्या दशकात नायट्रिक ऑक्साइड वायू श्वासातून देऊन केवळ फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैल करता येतात, हे लक्षात आले. शरीराचा रक्तदाब न पाडता उजव्या निलयासमोरील चढण कमी झाली. ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या तंत्रात १९८४ साली संजीव कौल आणि सहकाऱ्यांनी एक साधे माप वापरले : आकुंचनाच्या वेळी उजव्या झडपेची कडा किती मिलिमीटर खाली सरकते. निरोगी माणसात ती साधारण १७ मिलिमीटर वा अधिक सरकते. मात्र हृदयाभोवतीचे आवरण उघडल्यावर, निलय ठीक असूनही, हे माप घटते. उजव्या निलयाचे मोजमाप आजही डाव्याइतके सरळ नाही. चंद्रकोरीचे आकारमान काढणे गोलकापेक्षा अवघडच.

२६/
मागे वळून पाहता या साऱ्या इतिहासात एकच चूक निरनिराळ्या वेशात भेटते. गॅलेनला उजवे निलय फुप्फुसांचे चाकर वाटले, हार्वेच्या वाचकांना धाकटा भाऊ, १९४३ नंतरच्या वाचकांना रिकामी नळी, ठिगळ लावणाऱ्यांना न कुरकुरणारा सोशिक. प्रत्येक वेळी पुरावा खरा होता : ते खरोखरच पातळ आहे, कमी दाबावर चालते आणि दीर्घकाळ तक्रार करत नाही. चूक झाली ती शांततेचा अर्थ लावण्यात. जे काम सुरळीत चालू असताना दिसत नाही, ते काम नाहीच, असे मानले गेले.

२७/
आज हृदयशस्त्रक्रियेपूर्वी उजव्या निलयाची स्थिती, फुप्फुस-धमनीतील दाब आणि शिरांतील दाब पाहिले जातात. अतिदक्षता विभागात पहिल्या रात्री त्यांच्यावर नजर असते. शस्त्रक्रिया डाव्या झडपेची असो, धमन्यांची असो वा आरोपणाची, रुग्ण घरी केव्हा जाईल, कधी कधी तो घरी जाईल की नाही, हे या पातळ भिंतीच्या कप्प्यावर अवलंबून असू शकते. इब्न अल-नफीसने १२४२ साली लिहिलेले वाक्य सातशे वर्षे हस्तलिखितात पडून होते : सारे रक्त तेथूनच जाते. शल्यविज्ञानाला त्याचा पूर्ण अर्थ कळला तो रुग्णांच्या खाटांपाशी.

(थ्रेड समाप्त)